हेल्मेटातली साखर

मला हेल्मेट घातलेलं असताना हेल्मेट न घातल्याबद्दल दंड झाला आहे.

हसू नका. माझं डोकं अजून तापलेलंच आहे!

माझ्या धाकट्या भावाचा, किरणचा, खोपोलीला साखरपुडा होता. पोशीरहून सगळी मंडळी सकाळीच टेंपोने पुढे गेली. साखरेचा पुडा मात्र आईने माझ्या हवाली केला. जरीच्या कागदाचा, मोती लावलेला, टोकदार! टेंपोतल्या गर्दीत चेपला तर मुलीकडच्यांसमोर शोभा व्हायची.

"अकराला पुडा पोरीच्या ओटीत पडला पायजे," आई म्हणाली. "आजच्या दिवस कुणाशी भांडू नको रं."

(जसा काही मी रोज भांडतो! एक दिवसाआड भांडतो.)

मोटारसायकलवर पुडा ठेवायचा कशात? माझ्या बायकोने, सुनंदाने, तो माझ्या हेल्मेटमध्ये बसवला. अगदी मापाचा बसला. हेल्मेट तिच्या मांडीवर, आणि मी बोडक्या डोक्याने थेट खोपोलीच्या शिळफाट्याला.

तिथे शिट्टी वाजली. हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सरळ चावी काढून घेतली.

"हेल्मेट कुठंय?"

"हे काय, हाय की!" सुनंदाने मांडीवरचं दाखवलं.

"वहिनी, ते डोक्यात घालतात."

"त्यात साखर हाय. दिराचा साखरपुडा हाय आज."

हवालदार चक्क हसला. "बरं, पुडा हातात धरा, हेल्मेट यांना द्या आणि निघा. उशीर नका करू."

इथे विषय संपला होता. पण चावी! माझ्या गाडीची चावी हा काढतो म्हणजे काय? वाहतुकीच्या नियमांचे व्हिडिओ मी जेवताना बघतो. मला सगळं पाठ आहे!

"निघा काय निघा? चावी काढायचा अधिकार तुमाला दिला कुणी?"

"अवो, चला ना," सुनंदाने माझी बाही ओढली.

"तू गप गं! हुद्दा काय तुमचा? नावाची पट्टी कुठाय? नियम म्हंजे नियम!"

हवालदाराचं हसू मावळलं. त्याने चावी परत गाडीला लावली. "बरोबर हाय तुमचं. आता नियमानंच करू." आणि त्याने साहेबांना हाक मारली.

साहेब सावलीतून सावकाश आले. लायसन्स बघितलं. आरसी बघितली. विमा, पीयूसी, एकेक कागद दोन-दोनदा! (पीयूसी संपायला दोनच दिवस होते, वाचलो.) अकराला दहा कमी होते आणि आईचा फोन वाजायचा थांबत नव्हता. शेवटी साहेबांनी चलनाचं मशीन बाहेर काढलं.

"कशाचं चलन?" मी ओरडलो.

"विनाहेल्मेट."

"हेल्मेट हाय माझ्याकडं!"

"हाय. डोक्यात नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनंदाच्या मांडीवरचं हेल्मेट मी हिसकावलं आणि "हे घ्या! घातलं!" म्हणून दाणकन डोक्यात घातलं.

फट्ट!

साखर कानात, मिशीत, कॉलरीत, नव्या सदऱ्यात. एक मोती घरंगळत नाकावर येऊन थांबला. आणि नेमका तेव्हाच साहेबांनी फोटो काढला.

कुणी हसलं नाही. म्हणजे, सुनंदा सोडून कुणी नाही. ती रस्त्याच्या कडेला बसून हसत होती.

हवालदार शेजारच्या चहाच्या टपरीवर गेला आणि वर्तमानपत्रात बांधलेली साखर आणून त्याने तिच्या हातात दिली. "जावा वहिनी, मुहूर्त गाठा." त्या माणसाचा मला अजून राग येतो. एवढं चांगलं वागायचं होतं, तर आधी चावी कशाला काढायची?

अकरा वीसला होणाऱ्या भावजयीच्या ओटीत वर्तमानपत्र पडलं. मुलीची आई "चालतंय की" म्हणाली. माझी आई आठ दिवस माझ्याशी बोललीच नाही.

मग मोबाईलवर चलन आलं. गुन्हा: विनाहेल्मेट. खाली फोटो: डोक्यात हेल्मेट! मी खुर्चीतून उठलोच. जन्मात पहिल्यांदा कायदा शंभर टक्के माझ्या बाजूने होता! तक्रार केली की चलन रद्द, साहेब तोंडघशी!

फक्त पुरावा म्हणून तो फोटो चार लोकांना दाखवावा लागणार होता.

मी मुकाट्याने दंड भरला.