शिंप्याचा गुडघा आणि माझी कवायत

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळात मी नांदुऱ्याकडच्या एका गावात कवायत मास्तर होतो. आमचे हेडमास्तर सकाळी घोंगडी अंथरून आसनं करत, आणि मी त्यांच्या माघारी टिंगल करायचो. एका जागी बसून कुठं अंग मोकळं होत असतं का? अंग ताणावं, ओढावं, घाम निघाला पाहिजे. नागपूरहून आलेल्या कवायतीच्या पुस्तकात तसंच होतं, आणि छापलेलं सगळं मला खरं वाटायचं.

शाळेसमोर माझ्या मित्राचं दुकान होतं. मुसलमान शिंपी, माझ्याच वयाचा. बैलगाडीवरून पडून त्याचा गुडघा दुखावला. सूज उतरली, पण पाय पुरता दुमडेना. मशीन पायाची, खुर्चीवर बसून चालवायची, त्यामुळे काम निभत होतं. नमाज मात्र तो घरीच स्टुलावर बसून पढायचा. वडनेरला राहणाऱ्या म्हाताऱ्या शिंपी वडिलांना त्यानं पडल्याचं कळवलंच नव्हतं.

"मास्तर, ईदले अब्बा येतीन," तो म्हणाला. "माह्या बाजूले नमाजले बसतीन. पाय असा दिसला तं म्हणतीन, सरक, मशीनवर मीच बसतो. सुईतला दोरा दिसत नाही त्याईले. मले नाही पाह्यवत ते."

ईदेला दोन महिने होते. "घाबरतं काऊन? पंधरा दिवसांत दुमडून देतो," मी म्हणालो.

शाळा सुटली की मी त्याला पालथं झोपवायचो आणि टाच धरून, एक-दोन म्हणत, पाय मागे दाबायचो. तो दात खाऊन सोसायचा. दाबला की पाय बोटभर पुढे जायचा, सकाळी पुन्हा जिथल्या तिथे. माझं डोकं फिरलं. आठव्या दिवशी मी सगळा भार टाकला. तो ओरडला नाही, नुसता पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी गुडघा हा एवढा सुजला. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी शाळेत मागच्या दारानं गेलो.

मग मुकाट्यानं हेडमास्तरांकडे गेलो. टोमणे खायची तयारी होती, पण त्यांनी एकही मारला नाही. आधी सूज उतरू दिली. मग शिंप्याला गुडघ्यांवर बसवून मांडी आणि पोटरीच्या मध्ये जाड चादरीची घडी ठेवली.

"दुखाच्या अलीकडे थांब. श्वास लांब सोड. कोणी ओढून नाही राह्यलं, हे पायाले समजू दे."

शिंप्याला हसू आलं. "गुरुजी, असं तं आम्ही नमाजात बसतो."

"हाव, मंग शिकवाचं काय राह्यलं? फक्त घाई करू नको."

चार-सहा दिवसांनी घडीचा एक पदर काढायचा, पुन्हा तसंच बसायचं. मी बाजूला बसून चिडायचो, कारण काही घडताना दिसतच नव्हतं. पण आज गुडघा जिथवर आला, तिथे तो उद्याही सापडायचा. माझ्या ओढण्यात नेमकं तेच नव्हतं. पोरांना पळण्याआधी मी पुढेही ताण देत राहिलो, तो लागतोच. दुसऱ्याचं अंग ओढणं मात्र सोडलं.

ईदेच्या दुपारी मी शिरखुर्मा खायला गेलो. अब्बा माझ्याशी कपाशीचं बोलले, बाजाराचं बोलले, पोराच्या पायाबद्दल अवाक्षर नाही. मित्रानं मला आत नेलं.

"नमाजात बसताना दुखलं?" मी विचारलं.

"दुखलं. बाजूलेच बसले होते, मास्तर. पण त्याईले काहीच समजलं नाही," एवढं म्हणून तो दाराला टेकून रडायला लागला.