हिराबाईने बोललेला नवस

नवस मी बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आमचं कुलदैवत साताऱ्याकडचं, त्याच्याकडेही मी कधी काही मागितलं नव्हतं. देव त्याच्या जागी, आपण आपल्या जागी, असा माझा खाक्या. वाशीला नव्या घरात राहायला आलो आणि खाडीच्या दमट हवेने माझा जुना दमा उसळला. एका सकाळी दार उघडलं आणि उंबऱ्यातच खाली बसले. श्वास येईना. सानपाडा गावातली हिराबाई नेमकी तेव्हा मासळी घेऊन आली. पाटी जिन्यात टाकून तिने शेजाऱ्यांना डॉक्टरकडे धाडलं आणि ते येईपर्यंत माझी पाठ चोळत बसली.

मी बरी झाल्यावर एकदा कोलंबी मोजता मोजता तिने सहज सांगितलं, "वयनी, तवा मी एकवीरा आईला बोलली. तू बरी झालीस तं तुला कार्ल्याला पायी आनीन."

मला रागच आला. दमा माझा, पाय माझे, आणि शब्द देणारी ही कोण? यजमान म्हणाले, "एसटीने जाऊन नारळ वाहू." हिराबाईला ते मुळीच पटलं नाही. दोन जिने चढताना थांबणारी मी बोरघाट काय चढणार, ही भीती मात्र मी कुणाला बोलून दाखवली नाही. पण पाठीवरचा तो हात आठवला की नकार तोंडातून निघेना. चैत्रात त्यांच्या गावची पालखी निघाली आणि मीही निघाले.

पनवेलपर्यंत मी पाहुणी होते, खोपोलीपर्यंत त्यांच्यातलीच झाले. हिराबाईच्या मैत्रिणी माझ्या चालीची यथेच्छ टिंगल करत आणि मुक्कामाला माझेच पाय आधी चेपून देत. घाटाच्या तोंडाशी त्यांची रीत अशी, की चढणाऱ्याच्या अंगावर ओझं नको म्हणून सगळ्या पिशव्या पालखीबरोबरच्या टेम्पोत टाकायच्या. मीही टाकली, आणि दम्याच्या गोळ्या तिच्यातच गेल्या. टेम्पो पुढे खंडाळ्याला निघून गेला.

अर्ध्या घाटात छाती भरून आली. मी कठड्याला टेकले. समोर एक ट्रक इंजिन गार करत उभा होता. कळंबोलीला लोखंड उतरवून रिकामा परत चाललेला. ड्रायव्हर स्टोव्हवर चहा करत होता. त्याचं दूध नासलं होतं, म्हणून काळाच, कडक. माझी अवस्था बघून त्याने पहिला पेला माझ्या हातात दिला. तो संपेपर्यंत छातीतली शिट्टी हळूहळू कमी झाली. अशा चहाने कधी कधी श्वास मोकळा होतो, असं आमचे डॉक्टर नंतर म्हणाले. असेल. तो ट्रक तिथेच का तापला, हे मी त्यांना विचारलं नाही.

"ताई, ट्रकमध्ये बसा, वर सोडतो," ड्रायव्हर म्हणाला.

"बस गो ट्रकान," हिराबाईही म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बोलली मी, फेडीन बी मीच. आई रागवाची नाय."

आता मी मोकळी होते. आणि तेवढ्यातच मला चालावंसं वाटलं, अगदी आतून. मनात म्हटलं, आई, इथवर आणलंस, पुढचं तू बघ. उठले आणि हिराबाईचा हात धरून चालू लागले. ड्रायव्हरने ट्रक सुरू केला आणि आमच्या मागे पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईसारखा, खंडाळ्यापर्यंत आणला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तो ढिम्म. खंडाळ्याला हात हलवून निघून गेला, त्याचं नावही आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याच्या पायऱ्या मी माझ्या पायांनी चढले. आईसमोर उभी राहिले तेव्हा मागायचं काही सुचेना, नुसती रडले. एवढा अभिमान मला नोकरी लागली तेव्हाही वाटला नव्हता, आणि त्यातला माझा स्वतःचा वाटा किती थोडा, हेही त्याच वेळी कळत होतं. आपल्यासाठी कुणीतरी शब्द टाकून बसलं आहे, एवढ्या भरवशावर माणूस घाट चढतो.

खाली तीन दगडांच्या चुली पेटल्या, मटण शिजलं, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. ढोल वाजला तशी बायकांनी मला ओढून मधे घेतलं. आम्ही इतक्या नाचलो, की शेवटी सगळ्या जणी छाती धरून धापा टाकत खाली बसल्या. त्यात माझी धाप कोणती, ते कुणालाच ओळखता आलं नसतं.