एक कोट, नऊ नवरदेव

आमच्या स्वयंपाकघरात दारामागे एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या असतात. एक ओढावी तर चार बाहेर येतात! आईच्या वेबसाइटचे किस्से तसेच साठलेत. पुढच्या महिन्यात आम्ही कुवेत सोडून नाशिकला चाललोय. काल मी जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळत होते, तेव्हा एक किस्सा आठवला आणि मग सगळेच आठवले.

आईने कपाटातला एक रिकामा लाकडी हँगर हातसामानात ठेवलाय. बाबा म्हणाले, "हा कशाला?" आई म्हणाली, "असू दे."

*

सुरुवात बाल्कनीच्या कठड्यापासून झाली. मी तेव्हा नववीत होते. आई इथे आमच्या जाब्रिया भागातच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. कठडा गंजून हलायला लागला, म्हणून शुवैख या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमधून दत्ता आला. दत्ता वेल्डर, मालवणकडचा, चौतिशीचा, आणि खांदे असे की दारातून तिरका आत आला. आईने चहा दिला आणि सगळ्यांना विचारते तेच त्यालाही विचारलं, "लग्न झालं का हो?"

"खंयचा, वैनी! दोन वर्सान चाळीस दिवस रजा. चेडू बघीसर रजा संपता. तीनदा गेलंय, तीनदा तसोच परत इलंय."

चेडू म्हणजे मुलगी. पुढची रजा मे महिन्यात होती. आई म्हणाली, "मुली तिकडे जाऊन कशाला बघायच्या? इथूनच बघून जा की!"

त्याच आठवड्यात तिने ठरवलं. कॉन्ट्रॅक्टवर आलेल्या मुलांची लग्नं जमवणारी वेबसाइट काढायची. स्वतःची, कुणाच्या भागीदारीशिवाय. पानं बनवायचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेच्या पुस्तकात एचटीएमएलचा धडा होता आणि मला बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं जायचं. बाबा रिफायनरीत इंजिनिअर. त्यांनी एकच अट घातली: "इंटरनेट लावलं की घरचा फोन एंगेज. मे महिन्याच्या आत एक तरी लग्न जमव, नाही तर दुकान बंद!"

दत्ता प्रोफाइल नंबर एक झाला. त्याचं जमलं तर साइट राहणार होती.

*

आईचा नियम होता, फोटो कोटातलाच हवा. शुवैखच्या मुलांकडे कामाच्या डांगऱ्या होत्या, कोट कुणाकडे नव्हता. मग कपाटातल्या लाकडी हँगरवरचा बाबांचा चॉकलेटी कोट बाहेर आला. त्यांच्या पहिल्या इंटरव्ह्यूचा.

एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, नऊ जण आले. एक जण कोट घालायचा, मी फोटो काढायचे, मग तो उतरवायचा, पुढचा घालायचा. बाकीचे जिन्यात रांग लावून उभे. बिल्डिंगचा राखणदार, ज्याला इथे हारिस म्हणतात, वर येऊन आईला विचारायला लागला, "मॅडम, अंदर डॉक्टर बैठा है क्या?"

जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "हां, शादी का डॉक्टर! लाइन में आ जाओ!"

हारिस खरंच उभा राहिला. मागाहून कळलं की त्याला दोन बायका होत्या!

*

फॉर्म भरून घ्यायचं काम माझंच. मी मान खाली घालून विचारायचे, ते मान खाली घालून सांगायचे. 'छंद' या रकान्यात एकाने बराच विचार करून सांगितलं, "ओव्हरटाइम." दुसऱ्याने 'अपेक्षा' या रकान्यात लिहायला लावलं, "पत्राला उत्तर द्यावे."

दत्ता म्हणाला, "आधी लिव, रजा चाळीस दिवस. ठळक अक्षरात."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, असलं कुणी पहिल्यांदा सांगतं का! पळून जातील मुली!"

"मगे पळण्यापेक्षा आधी पळांदेत, वैनी."

मी ठळक केलं.

फी म्हणून कुणी जुबैदी आणायचा, म्हणजे आपलं पापलेट, कुणी मोडका नळ बसवून द्यायचा. बाबा म्हणायचे, "जगातली ही एकच वेबसाइट असेल, जिच्या कमाईला खवलं असतात!"

*

फोन लागेना, म्हणून एकदा बाबांनी ड्यूटीवरून साइटच्या अभिप्रायांच्या पानावर लिहिलं: "सुधा, प्लीज फोन मोकळा कर. संध्याकाळी काय आणू? तुझाच, श्रीकांत."

दुसऱ्या दिवशी त्याखाली चिपळूणहून कुणीतरी लिहिलं होतं: "श्रीकांतजी आणि सुधाताई, हार्दिक अभिनंदन! याच साइटवर जमलं का?"

आईने ते काढू दिलं नाही. म्हणाली, "जाहिरात आहे!"

*

आता घोळाचा किस्सा. बाबांच्या प्लांटमध्ये प्रत्येक दारावर इशाऱ्याची लाल पाटी. त्यांचं म्हणणं, लग्नाची साइट आहे, लहान मुलांचं इथे काय काम? पहिल्या पानावर पाटी पाहिजे. मग मी लाल, उघडझाप करणाऱ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत टाइप केलं: "फक्त प्रौढांसाठी. अठरा वर्षांखालील व्यक्तींना सक्त मनाई." तेव्हा मी चौदा वर्षांची होते!

दत्ताच्या रजेला दोन आठवडे उरले होते. एका दुपारी साइटच्या जागी अरबी आणि इंग्रजीतली सूचना दिसली: ही साइट पाहण्यास परवानगी नाही.

आई मटकन बसली. "माझी नऊ मुलं गळ्यापर्यंत शर्टाची बटणं लावून उभी आहेत, आणि हे म्हणतात घाणेरडी साइट!"

पाटी मी लगेच काढली. पण भारतात दिसणारी साइट कुवेतमध्ये दिसत नव्हती. आई मला घेऊन इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या इजिप्शियन साहेबांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर साइट उघडली. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग चष्मा काढला.

"मॅडम, व्हाय सेम कोट?"

"सर, कोट इज वन. मेन आर नाइन."

त्यांनी मॉनिटर फिरवून शेजारच्या टेबलाला दाखवला. सगळं ऑफिस हसलं. अर्जावर शिक्का मारून ते म्हणाले, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या.

असे अकरा उद्या झाले.

*

साइट बंद होती, तरी मेल येत होते. सातव्या दिवशी कणकवलीहून एक आला, रोमन लिपीतल्या मराठीत. सुनंदा नावाची मुलगी, शिवणक्लास चालवणारी. आई ड्यूटीवर होती, म्हणून वर्कशॉपला फोन करून तो मेल दत्ताला मलाच वाचून दाखवावा लागला. पलीकडे ग्राइंडर चालू.

"बाय, मोठ्यान बोल!" दत्ता ओरडला.

मी, वर्गात हजेरीलासुद्धा न ऐकू येणारी मुलगी, खिडकी लावून घेतली आणि ओरडून वाचलं, "एकाच कोटातले नऊ जण बघितले! आठांनी बटण लावलंय! एक नंबरने लावलेलं नाही, कारण त्यांना तो खांद्यात घट्ट होतो! चाळीस दिवस लिहिलंय, ते खरं का?"

ग्राइंडर थांबला. बहुतेक सगळेच ऐकत होते.

"लिव," दत्ता म्हणाला, "प्रवासाचे दोन दिवस धरान."

मी तेवढंच लिहून पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं: "मग अडतीस. चालतील."

*

साइट सुरू झाली ती दत्ताच्या विमानाच्या आदल्या दिवशी. तो धावत आला आणि सुनंदाने मागाहून मेलने पाठवलेल्या फोटोसमोर बसला. चहा गार झाला, तरी बसलाच होता. मग म्हणाला, "बाय, ह्येचो प्रिंट निघता?"

आमच्या प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई होती.

"चलात. रंग मी थंय जावन बघतंय."

बाबा आत गेले आणि चॉकलेटी कोट घेऊन आले. "घेऊन जा. परत आणून दे म्हणजे झालं."

*

नंतर दोन वर्षं साइट चालली. आणखी चार लग्नं जमली. मग मोठ्या कंपन्यांच्या साइट आल्या, त्यांच्यावर प्रत्येकाचा कोट वेगळा. आईने एका शुक्रवारी मला साइट बंद करायला सांगितलं आणि ती स्वतः भांडी घासायला गेली. कामवाली येऊन गेली होती, तरी.

पण दत्ता रजेवरून परत आला, तो शुक्रवार मला सगळ्यात जास्त आठवतो.

जूनच्या उन्हातून तो आला. हातात खाज्याची पुडी, दुसऱ्या हातात इस्त्री केलेला कोट. लग्न होऊन सव्वीस दिवस झाले होते. आईने कोट लगेच बाबांना घालायला लावला. म्हणाली, "शुभ असतं!"

बाबांनी घातला. खांदे कोपराकडे घसरले. बाह्यांतून बोटंही दिसेनात. आईने जवळ जाऊन शिवण बघितली. शिवणीत आत दुमडलेली जादा कापडाची सगळी माया सोडून, खांदे उसवून, कोट नव्याने शिवला होता. इतका सुबक, की टाका दिसत नव्हता.

दत्ता फरशीकडे बघत होता.

"तिका सांगलंय, वैनी, कोट सायबांचो आसा."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, आता नाय."