तंबाखूच्या वखारीतला आठवड्याचा कौल

तुमच्या हाताखालची माणसं समाधानी आहेत, असं तुम्ही म्हणता. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा ती कोणासमोर उभी होती?

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत हा प्रश्न माझ्यापुढे येऊन पडला. मी तिथं हजेरी कारकून होतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, विडीला मागणी होती आणि ऐन हंगामात बायका काम सोडून जात होत्या. मालक आण्णासाहेब बेळगावला कॉलेजात शिकलेले. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बायका का जातात ते कळलं पाहिजे. दर आठवड्याला त्यांना विचारायचं आणि मला रिपोर्ट द्यायचा."

विचारणारा मालक मी प्रथमच बघत होतो. मी हुरूपानं कामाला लागलो.

वखारीत वाळलेला तंबाखू झोडायचा, काड्या वेचायच्या, मग चाळायचा. चाळताना उडणाऱ्या बारीक धुळीलाही बाजारात भाव असतो. ती वाऱ्यावर जाऊ नये म्हणून खिडक्या कायम बंद. बायका तोंडाला पदर बांधून आत बसत. तानाक्का त्यांतली सगळ्यांत जुनी. खोकल्याची उबळ आली की ती पदराचा बोळा तोंडात धरी. मुकादमानं बजावलं होतं, "जी खोकंल ती उद्यापासनं घरी." आणि तानाक्काच्या घरात मिळवती ती एकटीच.

लिहिता-वाचता कोणाला येत नव्हतं, म्हणून दोन मडकी घेतली. कामावर बरं वाटत असेल तर चिंचोका पांढऱ्या मडक्यात, नसेल तर काळ्यात. आण्णासाहेब म्हणाले, "चांगलं काम आहे, लक्ष्मीच्या तसबिरीखाली ठेवा." बायका पगार तिथंच घेत.

पांढरं मडकं भरलं. काळ्यात एकही चिंचोका नाही. पुढच्या आठवड्यालाही तेच. आण्णासाहेब खूश झाले. त्याच आठवड्यात आणखी काही जणी काम सोडून गेल्या.

मी तानाक्काला गाठलं. "आक्का, खरं का सांगत नाही?"

"लक्ष्मीच्या म्होरं, हातात पगार घिऊन, पोटाच्या जागंला वाईट म्हणू व्हय रं?"

तेवढ्यात मुकादम आला. "तानाक्का, लेक मोठी झाली की तुझी. आण की कामाला."

"त्यापरास हिरीत ढकलीन."

"आसं का म्हणतीस गं?"

"हिरीत वारं तरी लागतंय, मुकादम!"

बायका खो खो हसल्या. हसता हसता दोघी-तिघी खोकू लागल्या आणि एकदम गप्प झाल्या.

मी प्रश्न बदलला. मडकी मागच्या पाण्याच्या टाकीपाशी नेली. तिथं ना देव, ना मुकादम. विचारलं, "आपली लेक किंवा सून इथं कामाला आणशील का?"

काळं मडकं काठोकाठ भरलं.

आण्णासाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, "एका मापावर भरवसा कसा ठेवायचा? पुढच्या आठवड्यात परत घ्या."

"कारण उघड आहे. खिडक्या उघडा."

"आणि माल उडून गेला तर? आधी नीट मोजू द्या."

परत मोजलं. उत्तर तेच, हुकूमही तोच. हळूहळू बायकांनी टाकीकडं फिरकणंच सोडलं. "चिंचोकं टाकून खिडकी उघडतीया व्हय?" असं म्हणत त्या सरळ घरी जात. काळ्या मडक्यातले चिंचोके कमी झाले. आण्णासाहेबांनी रिपोर्ट वाचून समाधानानं मान हलवली. "बघा, नाराजी कमी होतेय."

मी रिपोर्ट उचलून तडक बाहेर पडलो.

मग तानाक्काची उबळ पदरात मावेना. मुकादमानं तिला घरी धाडलं. दुसऱ्या दिवशी एकही बाई आत गेली नाही. सगळ्या अंगणात बसून राहिल्या, घोषणा नाहीत, बोलणं नाही. दुपारी आण्णासाहेब बाहेर आले. मी म्हटलं, "वाऱ्याच्या आडोशाच्या खिडक्या उघडू. वर ओलं गोणपाट लावू. धूळ गोणपाटाला अडकेल." त्यांनी हुकूम दिला. माल फारसा उडाला नाही. बायका काम सोडून जायच्या थांबल्या.

मी तानाक्काला सांगायला गेलो. ती उंबऱ्याशी बसली होती. आता तिला वखारीपर्यंत चालवत नव्हतं.

"उघडल्या? समद्या?"

"एका बाजूच्या, आक्का."

तिनं दम घेतला. "मग पोरीस्नी सांग, तिकडं बसायला पाळी लावा. रोज त्याच त्याच नगंत."

लोकांना विचारणं म्हणजे त्यांना शब्द देणं. मोजत राहून काही न करणं हा शब्द मोडण्याचा सभ्य प्रकार आहे, आणि गप्प झालेल्या माणसांना सुखी समजणं हा त्याहून वाईट.

तुमच्याकडं चार माणसं कामाला असतील, तर याच आठवड्यात त्यांना विचारा, "तुमच्या मुलांना इथं कामाला आणाल का?" विचारून तिथून दूर व्हा, म्हणजे त्यांना खरं बोलता येईल. आणि जे ऐकू येईल त्यातली निदान एक गोष्ट, दुसऱ्यांदा विचारण्याआधी, दुरुस्त करा.