मयेतला तापणारा ट्रॅक्टर

कृष्णनाथ मूळचा सावंतवाडीकडचा. डिचोलीत येऊन खाणीच्या ट्रकांची इंजिनं दुरुस्त करता करता तो तिथलाच झाला. गोवा राज्य झालं त्या वर्षी, पाऊस सरल्यावर, जवळच्या मये गावातल्या गोकुळदासांनी त्याला बोलावून नेलं. वायंगणाची, म्हणजे पावसानंतरच्या भातपिकाची, नांगरणी अडली होती. ट्रॅक्टर शेतात जरा फिरला की तापे, त्याची ओढ कमी होई आणि आचके देत तो बंद पडे.

कृष्णनाथने स्वतः चालवून पाहिला. तसंच झालं. इंजिन निवेपर्यंत त्याने पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. तेलही पुरेसं होतं. रेडिएटरच्या जाळीतला पेंढा काढला, तोही चिमूटभरच. एवढ्यात गोकुळदासांची बायको पद्मावती पाणी घेऊन आली. उन्हाने तापलेला कृष्णनाथ तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला.

"रेडिएटरातलं पाणी सारखं उकळतं," गोकुळदास म्हणाले. "कमी झालं की कळशीभर ओततो."

कृष्णनाथने ओला फडका धरून झाकण काढलं, खालचा नळ सोडला. थेंबही आला नाही. तार घालून ढोसलं, तेव्हा लाल दाट लगदा भसकन त्याच्या पायावर पडला. बोटांत चोळताच त्याने ओळखला. ट्रकांच्या चाकांवरून रोज खरवडायचा, तीच खाणीची माती.

"गोकुळदासबाब, ह्यात पाणी खयचा घालतास?"

"आमच्याच विहिरीचं. आता तुम्ही प्यायलात तेच."

कृष्णनाथने लाल बोटं त्यांच्यापुढे धरली. "ही खाणीची माती. तुमच्या विहिरीतली."

"कायतरीच!" पद्मावती म्हणाली. "फडक्यातून गाळून भरते मी. नितळ असतं." मग तिचा आवाज खाली गेला. "फडका लाल होतो खरा. पावसाचं गढूळ, म्हणून सोडून दिलं."

तिघंही विहिरीवर गेली. कृष्णनाथने बादली तळाला टेकवून हिसडा दिला. वर आली ती अर्धीअधिक लाल चिखलाने भरलेली. मागच्या टेकडीवर खाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग होता, आणि पावसाच्या ओघळाची लाल रेघ तिथून थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत उतरली होती. एवढे दिवस ती कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती.

"लेकरांना ह्याचीच पेज घालते मी," पद्मावती म्हणाली आणि तिने बादली उपडी केली. कृष्णनाथ दोघांकडेही बघेना. तो ढीग रचणारे ट्रक त्यानेच तर चालते ठेवले होते.

त्याने रेडिएटर उतरवून सोड्याच्या पाण्यात भिजत घातला, नळ्या मोकळ्या केल्या. ट्रॅक्टर न तापता चालला. पण आधी शेतात नाही, झरीवर, पिंपं भरायला. मग त्यांनी विहीर उपसली. कृष्णनाथ स्वतः आत उतरून टोपल्या भरून देत होता. टेकडीच्या बाजूने चर खणून ओघळ वळवला. पाणी हळूहळू निवळलं, तरी पद्मावती पिण्याला झरीचंच भरत राहिली.

डिचोलीला परतल्यावर ट्रकाखाली शिरायला कृष्णनाथचं अंग धजेना. धंदा सोडणंही जमणारं नव्हतं. शेवटी पाना घेऊन तो आत शिरला, आणि चाकांवरची लाल माती खरवडू लागला.