मुक्कामाचं गाव

कुवेतच्या अम्गरा भागातल्या लाकडाच्या वखारीत मी दारासाठी फळ्या बघत होते. ताज्या भुशाचा गोड वास आला आणि आमच्या जपानच्या सहलीतलं ते डोंगरातलं गाव डोळ्यांपुढे तरंगू लागलं. पूर्वी पायी जाणारे वाटसरू तिथे मुक्काम करत; काळपट लाकडाची ती घरं अजून तशीच जपलेली. एका ओसरीवर सुहास, माझा नवरा, बूट काढून आडवा झाला. समोर दगडी कुंडीत झऱ्याचं पाणी पडत होतं.

"आता कुठेच जायचं नाही मला," तो डोळे मिटून म्हणाला.

"अरे, बस सुटेल आपली!"

तो नुसता हसला.

पुढच्याच वर्षी तो वारला. कुवेतमध्ये सतत घाईत असणारा हा माणूस त्या दिवशी दमलाय, असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तो पोहोचला होता.