शिळ्या पाण्यावर वाढलेला लिंब

सुट्टी लागली की पुण्याच्या जाऊबाईंचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग, पोरांना कुठं फिरवलं यंदा?" काय सांगायचं? सोलापुरात मे महिन्यात पोरांना बाहेर काढायचं तर ऊन कलल्यावरच. आमच्याकडं एक स्कूटी. पुढं धाकटा उभा, चालवायला नवरा, मध्ये पोरगी आणि मागं कशीबशी टेकलेली मी. तळ्याच्या काठाला जायचं, वारा खायचा, किल्ल्याच्या बागेत घसरगुंडीपाशी रांग लावायची, भेळ खायची आणि जुळे सोलापूरला घरी परत. येईपर्यंत धाकटा हँडलवर डोकं टेकून झोपलेला. एकदा मॉलमधल्या खेळाच्या खोलीतही नेलं होतं. तिथं आईबापांनी काचेबाहेर उभं राहायचं आणि वेळ संपली की रडतं पोर ओढून बाहेर काढायचं. पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

पण आमचं खरं फिरायचं ठिकाण दारासमोरच होतं. कॉलनीचा मोकळा प्लॉट. कागदावर तिथं बाग होती म्हणे. प्रत्यक्षात वेड्या बाभळी, फुटक्या फरशा आणि लोळणारी डुकरं.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी पाहुणा बोलवत नाही. आणि त्या दिवशी एक अजब प्रकार चालतो. नळ सूं सूं करायला लागला की घरोघरच्या बायका उरलेलं पाणी मोरीत उपडं करतात. कळशी, पिंप, सगळं. का, तर ते शिळं झालं! इतके दिवस थेंब थेंब जपायचा, पोरानं नळाशी खेळ केला तर पाठीत धपाटा घालायचा आणि नवं पाणी आलं की अर्धं पिंप गटारात. मी सांगोल्याकडची. टँकरच्या मागं कळशी घेऊन पळालेली. आमच्याकडं भाकरी शिळी होते, पाणी होत नाही. शेजारणीला पहिल्यांदा पिंप कलंडताना बघितलं तेव्हा मी दारातून ओरडलेच, "अवो, थांबा की! असं कसं ओतताय?"

"मग काय शिळं पाणी प्यायचं व्हय, वहिनी?" ती हसली.

पोरगी तेव्हा पहिलीत होती. कंपाउंडच्या भेगेत उगवलेलं कडुलिंबाचं रोप तिनं बोटांनी उकरून काढलं होतं आणि 'लावू कुठं, लावू कुठं' म्हणून माझं डोकं खाल्लं होतं. लावलं त्या प्लॉटमध्ये. मग तीच शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिली, "काकू, शिळं पाणी हाय का?" मागं धाकटा रंगाचा रिकामा डबा घेऊन. पुढच्या पाण्याच्या दिवशी कॉलनीतली आणखी पोरं आली. कुणाकडं कॅन, कुणाकडं बादली. दारोदार एकच ओरडा, शिळं पाणी हाय का! बायकांना लई गंमत वाटायची. मला तर नावच पडलं, शिळ्या पाण्याची बाई. पोरगी मात्र चिडायची. "शिळं नसतंय ते. झाडाचं पाणी असतंय," असं कंबरेवर हात ठेवून सांगायची.

झाडाला पाणी घातलं की तिथंच सतरंजी टाकायची. कडक भाकरीचा चुरा, दही, शेंगाचटणी. पोरं बोटं चाटत खायची आणि चिखलात लोळायची. मी बाभळी तोडून काढल्या, नवऱ्यानं दगड उचलले. लिंब वाढला. बघता बघता पोरीच्या डोक्यावर गेला, मग माझ्या. चौथीत होती तेव्हा त्याला टायर बांधला. दुपारी चारला, जेव्हा सोलापुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं, तेव्हा माझी पोरं घराबाहेर खेळत होती, कारण तिथं सावली होती. मला एवढंच पाहिजे होतं हो. मोबाईल हातात न देता पोरं बाहेर राहावीत आणि त्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायला लागू नये.

मग प्लॉटच्या बागेसाठी निधी आला. कॉलनीचे अध्यक्ष हे रिटायर झालेले, पांढऱ्या बुटातले गृहस्थ. हातात नकाशा घेऊन आले. चालायचा ट्रॅक, व्यायामाची यंत्रं, गेट. मी पहिलं तेच विचारलं, "काका, लिंबाचं काय?"

"वहिनी, काळजी कशाला करता? मी हाय की!"

पाडव्याला याच काकांनी आमच्या पोरीकडून लिंबाचे डहाळे नेले. सगळ्या कॉलनीनं नेले. आपल्या झाडाचे म्हणून ती मोठ्या ऐटीत वाटत होती.

मे महिन्यात आम्ही माझ्या माहेरी गेलो. परत आलो, रिक्षातून उतरलो आणि धाकटा म्हणाला, "आई, आपलं झाड कुठंय?"

बुंधासुद्धा ठेवला नव्हता. त्या जागी लाल-पिवळे ब्लॉक बसवले होते. टायर गेटच्या बाहेर कचऱ्यात पडला होता. पोरगी रडली नाही. ब्लॉकवर जाऊन उभी राहिली, पायानं इकडं तिकडं चाचपलं आणि घरात निघून गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

मी तशीच, प्रवासाच्या साडीतच, काकांच्या दारात गेले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज चढला होता. ते आधी हसले, मग शांतपणे समजावायला लागले. ट्रॅक वळवायला जमत नव्हतं. पानगळीचा कचरा व्हायचा. पक्षी खालच्या गाड्या घाण करायचे. "आन वहिनी, एका झाडाचं काय एवढं? तितं लोखंडी छत्री बसवतोय. सावलीच पायजे न्हाय का तुमाला?"

"विचारायचं तरी होतं, काका."

"मीटिंगमध्ये ठरलं की. सगळ्यांनी हात वर केले."

सगळ्यांनी. पाडव्याला डहाळे नेणाऱ्यांनी, दारात बादली भरून ठेवणाऱ्यांनी. माझ्या शेजारणीनंसुद्धा. तिला विचारलं तर म्हणाली, "सगळे करत होते, मी एकटीनं कसं नको म्हणू?" तिच्याशी मी आता बोलते, पण तेवढ्यापुरतंच.

उद्घाटन झालं, फीत कापली, पेढे वाटले. आता गेट सकाळी उघडतं, दुपारी बंद असतं. पाटी लावलीय, व्यायामाच्या साहित्यावर लहान मुलांनी खेळू नये. लोखंडी छत्री उन्हात अशी तापते की खाली उभं राहवत नाही. दुपारी माझी दोन्ही पोरं पंख्याखाली मोबाईल घेऊन बसतात. संध्याकाळी काका पांढरे बूट घालून ट्रॅकवर फेऱ्या मारतात आणि मला बघून हात करतात. माझं अंग जळतं.

परवा पाण्याचा दिवस होता. नळ सूं सूं करायला लागला. मी सवयीनं उरलेलं पाणी कॅनमध्ये भरलं आणि दाराशी आणून ठेवलं. मग लक्षात आलं, न्यायचं कुठं? पोरगी सोफ्यावर होती. मी हाक मारली, "अगं, या पाण्याचं काय करू?"

तिनं मोबाईलवरून मानही वर केली नाही.

"ओत की मोरीत. शिळं झालंय ते."